२४० डीच्या हीटर प्लगसाठी कुर्ल्याची वारी

डिसेंबरात पुण्याचा पारा दहा-बारावर आला आणि आमची १९८२ ची मर्सिडीज २४० डी सकाळी उठेना. सेल्फ मस्त फिरतो, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, पण इंजिन पकडत नाही. या इंजिनात डिझेल आधी छोट्या प्रीचेंबरमध्ये पेटतं. तिथलं गार लोखंड दाबलेल्या हवेची उष्णता खाऊन टाकतं, म्हणून २१:१ कॉम्प्रेशन असूनही ती जागा आधी तापवणारे हीटर प्लग लागतातच.

बाजारात जाण्याआधी घरी मल्टिमीटर लावा. नेमकं काय गेलंय ते माहीत नसेल तर प्लग, रिले (प्लगला करंट सोडणारा स्विच), वायरिंग असं सगळंच गळ्यात मारलं जातं. डाव्या मडगार्डच्या आतल्या अंगाला रिलेचा डबा असतो आणि झाकणाखाली ८० अँपिअरची पट्टी फ्यूज. आमची दिसायला धडधाकट होती. स्क्रू सैल करून जरा वाकवली तेव्हा मधोमध केसाएवढी चीर दिसली. मग प्लगच्या वायरी काढून प्रत्येकाचं टर्मिनल ते इंजिन ब्लॉक असं माप घेतलं. चांगला प्लग साधारण एक ओहमच्या आसपास दाखवतो. दोन सरळ ओपन होते, म्हणजे आतली तार तुटलेली. रिले ठणठणीत, म्हणजे मोठा खर्च तिथेच वाचला.

नाना पेठेत टाटा-महिंद्राचे प्लग हवे तेवढे, याचे नाहीत. मग डेक्कन क्वीनने दादर, तिथून लोकलने कुर्ला. पश्चिमेला उतरून सीएसटी रोडवर कालिन्याच्या दिशेने चालत राहा आणि 'जर्मन गाडीचा माल कुठे?' असं विचारत जा. रविवार नको, शुक्रवारची दुपारही नको, नमाजाला बरीच शटरं खाली येतात.

जुना प्लग खिशात हवाच. पहिल्याच दुकानात 'टू-फॉर्टीचाच आहे' म्हणून उघड्या तारेच्या वेटोळ्याचा प्लग पुढे आला. तो १९८० पर्यंतच्या गाड्यांचा: चारही सीरिजमध्ये, दिवाळीच्या माळेसारखे, एक गेला की सगळे बंद. त्याला जेमतेम एक-दोन व्होल्ट लागतात. तपासायला थेट बारा व्होल्ट दिले तर तिथेच जळेल. नंतरच्या गाड्यांचा प्लग पेन्सिलसारखा, प्रत्येकाला स्वतंत्र बारा व्होल्ट. चुडीही (आटे) वेगळी, त्यामुळे एकाच्या जागी दुसरा बसत नाही.

दोन-चार दुकानं पुढे एका चाचांकडे हवा तो मिळाला. 'टेस्ट करके लेना,' म्हणत त्यांनी स्वतःच प्लग व्हाइसमध्ये धरला आणि बॅटरीच्या वायरी लावल्या. टोक आधी लाल झालं, मग लाली वर चढली. हीच खरी परीक्षा. बॉश किंवा बेरू कंपनीच्या खोक्यावर जाऊ नका, खोकी हुबेहूब छापली जातात. नकली प्लग मधूनच तापतो आणि टोक काळंच राहतं. जो दुकानदार तपासू देत नाही त्याच्याकडून घेऊ नका. आणि घ्यायचे तर चारही घ्या, बाकीचे दोन त्याच वयाचे असतात.

पट्टी फ्यूज मिळाली फोर्कलिफ्टच्या सामानाच्या दुकानात. दोन भोकांमधलं अंतर मोजून न्या आणि एक जादा घ्या. तिच्या जागी तांब्याची तार कुणी सुचवली तर स्पष्ट नाही म्हणा, एवढ्या करंटला वायरिंग पेट घेतं.

बसवताना आदल्या रात्री प्लगच्या बुडाशी गंज सोडवायचं तेल सोडा आणि इंजिन कोमट असताना १२ च्या लांब सॉकेटने हळूहळू सोडवा. जोर केला तर प्लग हेडमध्येच तुटतो. भोकातला कार्बन रीमरने (भोक खरवडायच्या हत्याराने) काढल्याशिवाय नवा प्लग घालू नका. रीमर मिळतो तिथेच, सीएसटी रोडला.