दोन घटना, एक तक्ता आणि घरांचं वजन

दहावीच्या गणित भाग 1 मधलं संभाव्यतेचं प्रकरण सुरू झालं की दोन फाशांच्या बेरजेवर हमखास एक उत्तर येतं. बेरजा 2 ते 12, म्हणजे अकरा. तेव्हा 7 येण्याची संभाव्यता 1/11 आणि 12 येण्याचीही 1/11. हे का चुकलं ते तोंडी सांगून पटत नाही. चौकटीच्या वहीत तक्ता आखा, लगेच दिसतं.

7 × 7 घरांचा चौकोन घ्या. वरची ओळ आणि डावीकडचा रकाना मथळ्यांसाठी: वर लाल फाशाचे 1 ते 6, डावीकडे निळ्या फाशाचे 1 ते 6. उरलेल्या 36 घरांत बेरजा भरा. 7 वरच्या उजव्या कोपऱ्यातून खालच्या डाव्या कोपऱ्यापर्यंत तिरका उतरतो, सहा घरं. 12 ला खालच्या कोपऱ्यातलं एकच घर. म्हणून 6/36 आणि 1/36. फाशांना वेगळे रंग द्याच, कारण लाल 5–निळा 6 आणि लाल 6–निळा 5 ही दोन निराळी घरं आहेत. लायब्निझसारख्या मोठ्या गणितज्ञानेही 11 आणि 12 ची शक्यता सारखीच मानली होती, तेव्हा मुलांना रागवू नये.

‘किमान एक 6’ विचारलं की शेवटची ओळ आणि शेवटचा रकाना रंगवा. 6 आणि 6 मिळून 12 लिहिलं तर कोपऱ्यातलं घर दोनदा मोजलं जातं. उत्तर 11/36.

आता थैलीत 3 संत्री आणि 2 मोसंबी, एकापाठोपाठ दोन फळं काढायची, पहिलं परत टाकायचं नाही. इथे ‘संत्रं’ आणि ‘मोसंबी’ असे दोनच मथळे लिहून चार घरं केली की गणित बिघडलंच, कारण त्या घरांचं वजन, म्हणजे प्रत्येकाची संभाव्यता, सारखं नाही. प्रत्येक फळाला नाव द्या: सं1, सं2, सं3, मो1, मो2. घरं 25 होतात. तेच फळ दोनदा निघू शकत नाही, म्हणून कर्णावरच्या पाच घरांवर फुली मारा. उरली 20. दोन्ही संत्री 6/20, एकेक 12/20, दोन्ही मोसंबी 2/20. फळ परत टाकलं तर फुल्या नाहीत आणि दोन्ही संत्री 9/25. दोन प्रश्नांत फरक तेवढ्या पाच फुल्यांचा.

घरी करून बघायचं असेल तर फळांऐवजी सारख्या घडीच्या चिठ्ठ्या घ्या. नागपुरी संत्र्याची साल सैल, मोसंबीची घट्ट चिकटलेली. बोटांना फरक कळतो आणि निष्पत्ती समसंभाव्य, म्हणजे सारख्याच शक्यतेच्या, राहत नाहीत.

घरं सारखी करताच येत नसतील तेव्हा घरात वजनच लिहायचं. समजा, नागपूरच्या व्हरायटी चौकात लाल सिग्नल लागण्याची संभाव्यता 0.6 आणि पुढे झाशी राणी चौकात 0.3. गुणाकार करून चार घरं भरली की दोन्ही लाल 0.18, फक्त पहिला 0.42, फक्त दुसरा 0.12, एकही नाही 0.28. बेरीज 1 आली का, आधी बघा. पण हा गुणाकार दोन सिग्नल एकमेकांवर अवलंबून नसतील तरच चालतो. एकाच रस्त्यावरचे सिग्नल वेळ जुळवून लावलेले असू शकतात. तिथे मोजणीचाच तक्ता हवा.

समजा 50 फेऱ्या मोजल्या: दोन्हीकडे लाल 5, फक्त पहिला लाल 25, फक्त दुसरा लाल 10, एकही नाही 10. ओळींची बेरीज 30 आणि 20, रकान्यांची 15 आणि 35. कडेचे आकडे तेच, 30/50 म्हणजे 0.6 आणि 15/50 म्हणजे 0.3, पण दोन्ही लाल 5/50, म्हणजे 0.18 नव्हे, 0.10. ‘पहिला लाल लागला, आता दुसराही लागेल का?’ या प्रश्नाला मुलं 5/50 लिहितात. तिथे कागदाची पट्टी घेऊन ‘पहिला लाल नाही’ ही ओळ झाका. डोळ्यांसमोर 30 च फेऱ्या उरतात आणि 5/30 आपोआप लिहिलं जातं.