बी.ई. कॉम्प्युटर, मुक्काम बालवाडी

‘मन काय सांगतंय ते ऐक’ हा सल्ला मला जवळपास सगळ्यांनी दिला. माझं मन तेव्हा काहीच सांगत नव्हतं. पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं, लग्नानंतर स्टुटगार्टला येऊन तेच केलं, मग प्रोजेक्ट संपला आणि करार वाढला नाही. घरी बसून विचार करायला लागले की दर आठवड्याला नवी दिशा सापडायची: डेटा सायन्स, योगाचे क्लास, घरगुती डबे. (डबे परदेशातल्या प्रत्येक मराठी बाईला एकदा तरी सुचतातच.)

जर्मनीत मात्र एक फार चांगली पद्धत आहे, होस्पिटात्सिओन. काम पत्करण्याआधी थोडे दिवस तिथे जायचं आणि शेजारी उभं राहून बघायचं. मी गेले ती किटामध्ये, म्हणजे पाळणाघर आणि बालवाडी एकाच छताखाली. 1 ऑगस्ट 2013 पासून इथे वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला अशी जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे. हक्क आहे, पण पुरेशी माणसं नाहीत, त्यामुळे बघायला येऊ का विचारलं तर बहुधा ‘या’ म्हणतात.

तिथे नवीन मूल रुळवण्याची ‘बर्लिन पद्धत’ पाहिली. पहिले तीन दिवस आई किंवा बाबा मुलाबरोबर वर्गातच बसतात, सोडून जायचा प्रश्नच नाही. चौथ्या दिवशी नीट निरोप घेऊन थोडा वेळ बाहेर. तो दिवस सोमवार असेल तर हा प्रयोग करत नाहीत, कारण शनिवार-रविवार घरी काढलेलं मूल पुन्हा बिचकलेलं असतं. रडू थांबेना तर आईला लगेच आत बोलावतात. आपल्याकडे जूनमध्ये रडतं पोर बाईंच्या हाती देऊन मागे न बघता सटकायचं असतं! शिक्षिका सगळं टिपून ठेवत होती: मूल कोणाकडे वळून बघतं, कशाशी रमतं, कधी गप्प होतं. बारकाईने बघायचं, नोंद करायची, बिनसायच्या आत ओळखायचं. टेस्टिंगमध्ये मला आवडायचं ते एवढंच. कॉम्प्युटर कधीच आवडला नव्हता, हे इतक्या उशिरा कळलं.

डायपरचं काही वाटलं नाही. दमवलं ते आवाजाने आणि इथल्या श्वेबिश बोलीने. मोठी माणसं माझं चुकीचं जर्मन सभ्यपणे ऐकून घेतात, चार वर्षांची मुलं मात्र माझं डेअर-डी-डास (म्हणजे नामाचं लिंग दाखवणारे शब्द) तिथल्या तिथे दुरुस्त करतात. असा क्लास पैसे देऊनही मिळत नाही.

“इंजिनिअर होऊन पोरांची नाकं पुसणार?” आत्याने विचारलंच. बालशिक्षणाचं काम उभं करणाऱ्या ताराबाई मोडकांनीही राजकोटची चांगली नोकरी सोडून भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर लहान मुलांचं काम धरलं होतं, आणि 1945 मध्ये बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी बालवाडी काढली ती त्यानंतर, असं मी तिला सांगितलं. “त्या ताराबाई होत्या,” आत्या म्हणाली. बरोबर आहे.

आता व्यवहाराचं. मी तीन वर्षांच्या पगारी आउसबिल्डुंगला, म्हणजे व्यवसाय-प्रशिक्षणाला लागले आहे: काही दिवस शाळा, काही दिवस किटा. जर्मन बी-टू पातळीचं हवं, शाळेची प्रमाणपत्रं तपासून घ्यावी लागतात, शिवाय गोवराच्या लसीचा पुरावा आणि पोलिसांचा दाखला. मी नवऱ्याच्या व्हिसावर आले, त्यामुळे कुठलंही काम करायला मोकळी होते. तुम्ही स्वतःच्या ब्लू कार्डावर (उच्चशिक्षितांचा कामाचा परवाना) असाल तर राजीनाम्याआधी नीट चौकशी करा. पहिल्या 12 महिन्यांत साधी नोकरी बदलली तरी परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला कळवावं लागतं, आणि प्रशिक्षणासाठी तर परवानाच वेगळा. पैसेही टेस्टिंगपेक्षा बरेच कमी मिळतात. यंदाची आमची दिवाळीची भारतवारी त्यातच गेली, आणि ते आईला अजून सांगायचं आहे.