डाव्या हाताचं ट्विंकल ट्विंकल

मे महिन्यात नात वेंगुर्ल्याला आली ती ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड घेऊन. क्लासात पियानो शिकते. म्हणाली, "आजोबा, तुम्हाला पेटी येते ना, मग हे तुम्हाला सोपंच." मलाही तसंच वाटलं. तीस वर्षं भजनात पेटी धरतोय, 'ट्विंकल ट्विंकल' ते काय! चाल कानात होतीच. सवयीने काळी एक धरली आणि वाजवून दाखवलं: सा सा प प ध ध प, म म ग ग रे रे सा.

पोरगी हसायलाच लागली. "काळ्या का दाबताय? सीपासून वाजवा." तिचा सी म्हणजे आपली पांढरी एक. तिथून सगळे शुद्ध स्वर, काळ्या पट्टीला बोटसुद्धा लागत नाही.

मग बोटांवरून बोलणी खाल्ली. मी पेटी तीन बोटांवर वाजवत आलोय, अंगठा अडीनडीला. इथे अंगठा म्हणजे एक नंबर, त्यालाच सा. गंमत अशी की पाच बोटं पाच पट्ट्यांवर ठेवली की पपर्यंत पोचतात आणि गाण्याला धही लागतो. म्हणून पवर अनामिका आणि धवर करंगळी ताणायची. 'म म' आला की हात गुपचूप मागे घ्यायचा. चार दिवसांत जमलं. माझ्या मते ही चाल सरळ केरव्यात बसते, आठ मात्रांची एक ओळ, अशा सहा ओळी. टेबलावर ठेका धरला तेव्हा नातीलाही पटलं.

शब्द इंग्लंडच्या जेन टेलरचे, १८०६चे. चाल मात्र त्याआधीची, फ्रेंच. मोझार्टने तिच्यावर बारा प्रकार रचलेत. एवढी माणसं हिच्यामागे लागली म्हटल्यावर मला जरा धीर आला, कारण खरी पंचाईत पुढे होती.

डावा हात.

पेटीवर डाव्या हाताला स्वर कुठे ठाऊक असतात? त्याने आयुष्यभर भाताच ओढलाय. इथे त्याने खालच्या सप्तकात करंगळीने सा, तर्जनीने म आणि अंगठ्याने प धरायचा. उजवीकडे 'ध ध' आलं की डावीकडे म, 'रे रे' आलं की प. वेगवेगळे हात नीट चालायचे. एकत्र केले की डावा ठेक्यावर पुढे-मागे हलायला लागायचा. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "अवो, तुमचो डावो हात अजून भातोच मारता!"

जूनमध्ये नात गेली, कीबोर्ड माझ्यासाठी ठेवून. पावसाळ्यात पेटीच्या पट्ट्या फुगून अडकतात, त्यामुळे तसंही तिला हात लावत नव्हतो. वीज गेली तर बॅटरीवर वाजवायचो. नातीने फोनवर उपाय सांगितला: आधी नुसता डावा वाजवा आणि उजव्याची ओळ तोंडाने म्हणा. हे भजनी माणसाला जमण्यासारखं होतं. गळा उजव्याचं काम करायला लागला आणि डावा निमूट सा-म-सा-प करायला लागला. मग हळूहळू उजवा घातला, इतका हळू की एका ओळीला अर्धा मिनिट. दमसास मात्र जमेना. पेटीचा सूर भात्यावर हवा तेवढा टिकतो. इथे पट्टी दाबली की आवाज आला आणि विरायला लागला. जोर लावायचा तो दाबतानाच, नंतर काही करता येत नाही.

श्रावण संपता संपता सहाही ओळी दोन्ही हातांनी एका दमात निघाल्या. फोनवर नातीने टाळ्या वाजवल्या.

चतुर्थीला शेजारच्या घरी आमचं भजन होतं. गजर रंगात आला, पखवाज तापला होता आणि एकाएकी पेटीचा आवाज बसला. बुवा गाता गाता माझ्याकडे बघायला लागले. खाली पाहिलं तर डावा हात भाता सोडून मांडीवर म शोधत होता.