खळ्यातला कोंबडा अंगावर येऊ लागला तेव्हा

दाभोळ खाडीकाठच्या आमच्या घरी गेल्या श्रावणात कोंबडा सहा महिन्यांचा झाला आणि माझ्या अंगावर येऊ लागला. त्याआधी तो माझ्या हातावरची कणी टिपायचा. एक दिवस अंडी काढून वळले, तर एक पंख जमिनीला घासत तिरका तिरका नाचत आला. मला वाटलं, खेळतोय. तेवढ्यात पोटरीत त्याच्या पायामागचा काटा रुतला. जखम साबणाने धुतली, आरोग्य केंद्रात जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं.

सासूबाई म्हणाल्या, "अगो, देऊन टाक त्याला राखणीला." म्हणजे राखणदार देवाला बळी. मुलगी चार वर्षांची. त्याची उडी तिच्या डोळ्यांपर्यंत पोचेल, हा विचार मनातून जाईना.

आधी मी खराटा उचलला, तिथेच चुकलं. मारलं की तो झुंज समजतो, पळालं की जिंकलो समजतो. चार दिवसांत नुसता खराटा दिसला तरी धावून यायला लागला.

मग आठवडाभर सकाळ-संध्याकाळ पडवीत बसून त्याच्याकडे बघत राहिले. दाणा दिसला की आधी स्वतः खात नाही. उचलतो, टाकतो, कुटकुट करून तलंगांना, म्हणजे तरण्या कोंबड्यांना, बोलावतो. आकाशात घार आली की बारीक, लांब शीळ घातल्यासारखा ओरडतो आणि सगळ्या करवंदीच्या जाळीत शिरतात. गडग्यावरून मुंगूस आलं की आवाज निराळाच: कट्-कट्-कटाक, थांबतच नाही. तेव्हा कोंबड्या लपत नाहीत, माना वर करून बघतात. माझ्या अंगावर तो कधी येतो तेही कळलं. मी कोंबडी धरली आणि ती किंचाळली की. ओला टॉवेल झटकला की. पोरं धावली की. त्याच्या लेखी तेव्हा मी आणि मुंगूस एकच.

तेव्हापासून कोंबडी धरायची तर रात्री, दांडीवर बसलेली असताना. अंडी दुपारी, तो कळप घेऊन माडांखाली गेला की. अंगावर आला तर पाठ फिरवायची नाही, हात उगारायचा नाही, जागेवर उभं राहायचं. शांत झाला की पंख दाबून काखेत घ्यायचा आणि अंग सैल सोडेपर्यंत धरून ठेवायचा. पहिल्यांदा मला अर्धा तास लागला. काट्याचं फक्त टोक कानशीने बोथट केलं. आत रक्त असतं, खोलवर जायचं नाही.

आणखी एक गोष्ट मला उशिरा दिसली. आमच्याकडे पाचच तलंगा होत्या आणि दोघींच्या पाठीची पिसं पार गेली होती. गावठी कोंबड्याला आठ-दहा माद्या तरी हव्यात. चार आणखी आणल्या, तेव्हा पाठी भरल्या आणि त्याचाही ताठा थोडा उतरला.

पूर्ण निवळला असं म्हणणार नाही. मुलीला खळ्यात एकटी सोडत नाही, आणि कधी तिच्या रोखाने झेपावला तर त्याला ठेवणार नाही, हे घरात ठरलेलं आहे.

परवा दुपारी सुपात अंडी घेऊन उभी होते. ती शीळ ऐकू आली. नऊच्या नऊ जाळीत गेल्या. वर तांबूस पंखांची, पांढऱ्या डोक्याची घार घिरट्या घेत होती. हा मात्र उघड्या खळ्यात, मान वाकडी करून एक डोळा आकाशाला लावून उभा. मी चार हातांवर होते, पण माझ्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. घार खाडीकडे वळेपर्यंत आम्ही दोघंही तसेच उभे राहिलो.