पोन्टूनचा ट्रेलर घेताना आम्ही केलेला गाढवपणा

मावसभावानं गोसीखुर्द धरणाच्या बॅकवॉटरसाठी पोन्टून बोट घेतली. दोन ॲल्युमिनियमच्या नळ्या, वर सपाट डेक, 20 फूट लांब, 8 फूट रुंद. बोटीसाठी तीन महिने घासाघीस केली अन् ती गाडीमागं ओढून न्यायचा ट्रेलर मात्र एका दुपारी चहा पिता पिता ठरवला, तिथंच घोळ झाला.

पहिले कैचीवाला घेतला. हा अरुंद राह्यते, दोन नळ्यांच्या मधात घुसते, हँडल फिरवलं का जॅकसारखा वर येते अन् डेकच्या खालून बोट उचलते. पाणी कमी असलं तरी चालते, घरी आणून बोट ठोकळ्यांवर ठेवली का ट्रेलर मोकळा. उन्हाळ्यात आमच्याकडं पाणी काठापासून लय दूर सरकते, म्हणून वाटलं हाच बरा.

मंग एक दिवस पवनीकडून येताना समोरून भरधाव ट्रक गेला अन् त्याच्या हवेनं बोट अशी कलली का आरशात पाहून माह्या पोटात गोळाच आला. एक खुर्ची डेकवरून उडून धुऱ्यावर. चाकं जेमतेम चार फुटात अन् वर आठ फुटाचा पसारा, तोही उंचावर, मंग काय होईल? त्यानंतर घरापर्यंत बोलेरो 20 च्या वर नेलीच नाही, मागं गाड्यांची रांग, लोकं शिव्या देऊन राहिले.

म्हणून आता बंकवाला. दोन्ही नळ्यांखाली लांबच्या लांब फळ्या, त्यावर कार्पेट, चाकं रुंद अन् बोट खाली बसते, रस्त्यावर हलत नाही. खोट एकच, बोट तरंगून सुटायला ट्रेलर बराच आत, खोल पाण्यात न्यावा लागते. काठाला काळी माती असली तर चाकं फसलीच समजा, ट्रॅक्टर बोलवा अन् वर गावभर तमाशा. आम्ही मुरमाचा उतार आहे तिथूनच टाकतो, थोडा फेरा पडते.

रोलरवाला, म्हणजे फळ्यांऐवजी फिरत्या रोलरवर बोट बसते तो, कोणी गळ्यात मारत असल तं घेऊ नका भाऊ, तो कणा असलेल्या बोटीचा, पातळ नळीला त्यानं पोचे पडतात. अन् तीन नळ्यांची बोट असली तर साधी कैची चालत नाही, मधात जागाच नाही.

वजन बोटीच्या कागदावरून धरू नका. आमची 850 किलो, इंजिन 100, पेट्रोल 60 लिटर म्हणजे 45 किलोच्या आसपास, बॅटरी, नांगर, जॅकेटं धरून 1100 च्या जवळ गेलं. वरून थोडी मोकळीक ठेवून दोन ॲक्सलवाला घेतला, खड्ड्यात एक टायर फुटला तरी बाकीचे धरून ठेवतात. बोट अन् ट्रेलर मिळून जे वजन होते त्याच्या दहाव्या हिश्शाएवढा भार गाडीच्या हुकवर यायला पाह्यजे, कमी आला तर मागचं शेपूट हलते.

अन् एक, लांबून आलं का लगेच पाण्यात ढकलू नका. बेअरिंग तापलेली असते, एकदम थंड पाण्यात गेली का पाणी आत ओढून घेते, मंग ग्रीस पांढरं पडते. आधी अर्धा तास बसा, चिवडा खा.

कैचीवाला विकला नाही, अंगणात बोट ठोकळ्यावर चढवायला लागते. सध्या मावशीनं त्याच्यावर फळी टाकून मुंगवड्या वाळू घातल्या, बोट घरी येईपर्यंत तो तिचाच.