दोन सर्जन, एक फ्लॅप

पोटावरच्या त्वचेचा आणि चरबीचा तुकडा, म्हणजे फ्लॅप, वापरून स्तन पुन्हा घडवायचा, तर टेबलाशी दोन सर्जन हवेतच. एक जण पोटाच्या स्नायूतून रक्तवाहिन्या सोडवतो, त्याच वेळी दुसरा त्या जिथे जोडायच्या त्या बरगडीमागच्या वाहिन्या मोकळ्या करतो. फी वाढते, पण थिएटरचे आणि भुलीचे तास वाचतात.

काटकसर रात्रपाळीच्या नर्सवर मात्र करू नये. पहिले 24 तास दर तासाला फ्लॅप पाहायला हवा. जांभळट रंग आणि दाबून सोडल्यावर झटकन परतणारी लाली दिसली, तर शीर तुंबल्याची शंका घ्यावी. फिकट, गार पडला तर धमनीची. सकाळच्या राउंडची वाट न पाहता सर्जनला बोलवा. उशीर झाला की बारीक वाहिन्यांत गुठळ्या होतात, मग जोड पुन्हा करूनही फ्लॅप वाचेलच असं नाही.