माद्रिदमधलं देबोदचं देऊळ

माद्रिदचे बाकीचे दिवस म्हणजे म्युझियमं, दुखणारे पाय आणि बटाट्याचं ऑम्लेट. लिहायला बसले ते देबोदच्या देवळापाशी डोकं फिरलं म्हणून.

मेरोईचा (इजिप्तच्या दक्षिणेकडचं जुनं राज्य) राजा आदिखलामानी याने इ.स.पू. दुसऱ्या शतकात अमुन या देवासाठी बांधलेलं हे देऊळ मूळचं इजिप्तमधलं, अस्वानच्या दक्षिणेला, नाईलकाठी होतं. अस्वानचं पहिलं धरण झाल्यावर ते वर्षातले कित्येक महिने पाण्यात राहायचं. भिंतींवरचे रंग त्यातच गेले. उजनीत बुडालेलं पळसदेवचं देऊळ उन्हाळ्यात वर आलेलं ज्यांनी पाहिलंय, त्यांना जास्त सांगायला नको. नव्या मोठ्या धरणात तर ते कायमचंच जाणार होतं. मग १९६०-६१ मध्ये दगड सुटे केले, अस्वानजवळच्या एलिफंटाइन बेटावर रचून ठेवले. न्युबियातली (अस्वानच्या दक्षिणेचा नाईलकाठचा प्रदेश) देवळं वाचवायला मदत केली म्हणून इजिप्तने १९६८ मध्ये ते स्पेनला देऊन टाकलं. बोटीने वालेन्सिया, तिथून ट्रकने माद्रिद. हाताशी अपुरे नकाशे, थोडे फोटो, आणि कितीतरी दगडांवरचे नंबर पुसलेले! तरी पुरातत्त्वज्ञ मार्तिन अल्माग्रो यांच्या चमूने १९७२ मध्ये देऊळ उभं केलं.

भिंतीला नाक लावून बघितलं. न्युबियातला दगड कडांना झिजलेला, खडबडीत. मध्येच सालामांकाकडचा नवा दगड, सरळ कापलेला. जुनं कुठे संपतं ते लपवलेलं नाही. हा प्रामाणिकपणा मला फार आवडला. समोरच्या दरवाजांचा क्रम मात्र मूळचा नाही म्हणतात.

आत थोडीथोडी माणसं सोडतात, त्यामुळे रांग. ती चालेल. पण इतक्या खटपटीने वाचवलेला वालुकाश्म उघड्यावर! पाऊस, थंडी, गाड्यांचा धूर, कबुतरं, सगळं अंगावर. इजिप्तने अशीच दिलेली आणखी देवळं बघा: न्यूयॉर्कने देंदूरचं देऊळ मेट म्युझियममध्ये काचेच्या दालनात ठेवलंय, नेदरलँड्समधल्या लायडनने ताफेहचं म्युझियमच्या आत. इथे संध्याकाळी अख्खं गाव जमतं ते कासा दे काम्पो या मोठ्या बागेकडे बुडणारा सूर्य बघायला. देवळाकडे पाठ, हातात बिअर, सेल्फी स्टिक माझ्या डोळ्यात.

वर छप्पर घातलं तर ही मंडळी बोंबलतील. खुशाल बोंबलू देत.